पेशींच्या पुरचुंड्या आणि कर्करोगाची लस

सूक्ष्मदर्शी
इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकार यंत्रणेलाच कर्करोगाशी लढवणाऱ्या उपचारांच्या) मागच्या धाग्यात 'एक्सोसोमची लस' हा उल्लेख दोनदा आला आणि दोन्ही वेळा चर्चा भलतीकडे वळली. एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेले अतिसूक्ष्म कण. मी रोज याच कणांबरोबर काम करते, म्हणून वेगळा धागा काढून सविस्तर लिहिते आहे.

आधी ते हाताळतो कसे ते सांगते. पेशी ज्या द्रवात वाढवतो तो गोळा करायचा. हळू वेगाने फिरवून पेशी आणि त्यांचा चुरा खाली बसवायचा, आणि वरचा नितळ द्रव अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये घालायचा. गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोर, तासाभराहून जास्त वेळ. फिरवण्याआधी नळीवर बाहेरून मार्करने एक ठिपका काढून ठेवावा लागतो. साका त्या जागी बसणार असतो आणि बहुतेक वेळा तो डोळ्यांना दिसतच नाही. द्रव ओतून दिला की नळी चक्क रिकामी वाटते. मग त्या ठिपक्यावर भरवसा ठेवून तिथे थोडंसं बफर सोडायचं आणि पिपेटने हलक्या हाताने वरखाली करत राहायचं. त्यातला थेंब पातळ करून लेझरच्या यंत्रात घातला की काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके थरथरताना दिसतात. रिकाम्या वाटलेल्या नळीत अब्जावधी पुटिका असतात. इतकी वर्षं झाली, तरी तो पडदा उजळला की मी दोन क्षण नुसती बघत राहते.

पुटिका म्हणजे पेशीने स्वतःच्याच पटलात बांधून बाहेर सोडलेली पुरचुंडी. एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे असतात. १०० नॅनोमीटरच्या पुटिका ओळीने मांडल्या तर एका लाल रक्तपेशीच्या रुंदीत सत्तर-पंचाहत्तर मावतील. आत प्रथिनं, आरएनए, मेदद्रव्यं. आणि बाहेरच्या पटलावर मूळ पेशीच्या पृष्ठभागावरच्या खुणा जशाच्या तशा. काही पुटिका पेशीच्या पटलावर फुगवटा येऊन सुटतात, काही पेशीच्या आतल्या एका कप्प्यात तयार होतात आणि तो कप्पा पटलाला जाऊन मिळाला की बाहेर पडतात. एक्सोसोम हे नाव या दुसऱ्या प्रकाराचं. पण एकदा बाहेर आल्यावर कोणती कुठे जन्मली हे ओळखणं फार अवघड, म्हणून जाणकार हल्ली सरसकट 'बाह्यपेशीय पुटिका' म्हणणं पसंत करतात.

१९८३ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिसलं की लाल रक्तपेशी परिपक्व होताना ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनाचे रिसेप्टर (ते धरून ठेवणारे रेणू) अशा पुटिकांत घालून बाहेर टाकते. नको झालेलं सामान फेकायची सोय, असाच समज पुढे बरीच वर्षं टिकला. तो हलला १९९६ मध्ये. ग्रासा रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी-पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या) पुटिकांवर एमएचसी, म्हणजे परका तुकडा धरून दाखवणारे रेणू असतात आणि त्या पुटिका टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींना जागं करू शकतात. लगेच १९९८ मध्ये लॉरान्स झिटव्होगेल यांच्या गटाने डेंड्रिटिक पेशींच्या पुटिका ट्यूमर असलेल्या उंदरांना टोचल्या, आणि ट्यूमर आटले, काही उंदरांत पूर्ण गेले. लसीची कल्पना तिथून रुजली.

डेंड्रिटिक पेशी म्हणजे शरीरातल्या टेहळ्या. परक्या वस्तूचा तुकडा उचलतात, एमएचसीच्या पंजात धरून टी-पेशींना दाखवतात आणि सोबत 'हल्ला करा' असा इशाराही देतात. राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये त्या ओळखल्या आणि २०११ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. घोषणेच्या तीनच दिवस आधी ते स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले. स्वतःच्या आजारावर त्यांनी डेंड्रिटिक पेशींच्या लसीही घेऊन पाहिल्या होत्या. हे लिहिताना दर वेळी हात थोडा थांबतो.

हेरंब
सुंदर लिहिलंय. एक बाळबोध शंका. डेंड्रिटिक पेशीच जर टोचता येतात, तर त्यांच्या पुटिकांचा खटाटोप कशाला?

सूक्ष्मदर्शी
शंका बाळबोध अजिबात नाही. पेशींची लस आहेच. प्रोस्टेट कर्करोगासाठी सिप्युल्युसेल-टी ही रुग्णाच्याच पेशींपासून बनवलेली लस अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झाली. पण जिवंत पेशी म्हणजे जिवंत जबाबदारी. प्रवासात मरतात, गोठवून पुन्हा वितळवल्या की त्यातल्या काही दगावतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ट्यूमरच्या परिसरात गेल्यावर तिथल्या दडपणाखाली येऊन त्यांचा स्वभावच बदलू शकतो. गेली होती पेटवायला, बसली शांत करत, असं होतं.

पुटिकेला स्वभाव बदलता येत नाही. निघताना जे अंगावर असेल तेच घेऊन ती पोचते. ती वाढत नाही, विभागत नाही, उणे ८० अंशांवर महिनोन्महिने ठेवता येते. शिवाय एक अगदी कामाची गोष्ट: ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून पुटिका पार होतात आणि जिवाणू अडकतात. पेशींची लस अशी गाळता येत नाही, कारण पेशीच गाळणीवर बसतील. मात्र विषाणू आणि पुटिका आकाराने सारख्याच, त्यामुळे विषाणूंच्या बाबतीत ही गाळणी उपयोगाची नाही. मूळ पेशीच तपासून घ्याव्या लागतात.

डॉ_निशिगंध
मी ऑन्कॉलॉजिस्ट आहे. लेख आवडला, पण उंदीर बरे झाले म्हणून पुढे जाण्याआधी माणसांतले आकडे इथे यायला हवेत. २००५ मध्ये पहिल्या टप्प्याच्या दोन छोट्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. एक फ्रान्समध्ये मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) १५ रुग्णांवर, दुसरी अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगावर. तिच्यात १३ जण दाखल झाले आणि ९ जणांनी उपचार पूर्ण केले. रुग्णाच्याच डेंड्रिटिक पेशींच्या पुटिका, त्यावर मेज या प्रतिजनाचे (ट्यूमर ओळखू यावा अशा खुणेच्या प्रथिनाचे) तुकडे चढवलेले. सुरक्षित ठरलं, बनवणं जमतं हेही कळलं. मेलानोमातल्या एका रुग्णाचा ट्यूमर लक्षणीय कमी झाला. पण ज्या टी-पेशी जाग्या व्हाव्यात म्हणून हा सगळा घाट घातला, त्या मेलानोमाच्या रुग्णांच्या रक्तात काही सापडल्या नाहीत.

मग २०१६ मध्ये दुसऱ्या टप्प्याचे निकाल आले. फुप्फुसाचा कर्करोग पुढच्या अवस्थेत असलेले २२ रुग्ण, केमोथेरपीने आजार थोपवल्यानंतर ही लस. या वेळी पेशींना इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकार जागवणाऱ्या प्रथिनाने चेतवून त्यांच्या पुटिका घेतल्या होत्या. निम्म्या रुग्णांत तरी चार महिने आजार वाढू नये असं लक्ष्य ठरलं होतं. ते साधलं ७ जणांत, म्हणजे ३२ टक्के. लक्ष्य हुकलं. तुलनेचा गटही नव्हता, त्यामुळे त्या सात जणांचं श्रेय लसीला द्यायचं की आजाराच्या संथ चालीला, हेही सांगता येत नाही.

माझ्यासमोर रुग्ण बसलेला असताना मला हाच आकडा आठवतो. म्हणून जरा कठोर लिहिलं.

सूक्ष्मदर्शी
डॉक्टर, कठोर नाही, गरजेचं लिहिलंत. मी लिहिणारच होते, तुम्ही माझ्याहून नेटकं मांडलंत.

त्या निकालांतली एक गोष्ट मात्र मला अजून सोडवत नाही. टी-पेशी फारशा हलल्या नाहीत, पण एनके पेशींची (न शिकवताही मारणाऱ्या 'नॅचरल किलर' पेशींची) ताकद काही रुग्णांत वाढली, दोन्ही पिढ्यांच्या लसींत. म्हणजे पुरचुंडी पोचली होती, उघडलीही गेली होती. निरोप वाचला भलत्याच पेशीने. आपण काय पाठवतोय हे आपल्यालाच पुरतं कळलेलं नव्हतं, असं मी यातून समजते.

आणि नेमकं काय कळलं नव्हतं त्याचाही थोडा माग लागलाय. त्या चाचण्यांत प्रतिजनाचे छोटे तुकडे, पेप्टाइड, पुटिकेवरच्या एमएचसीवर बसवले होते. पुढे स्वीडनमध्ये कॅरोलिन्स्का संस्थेतल्या सुसान गॅब्रिएल्सन यांच्या गटाने उंदरांत पाहिलं की अख्खं प्रथिन असलेली पुटिका जास्त चांगलं काम करते, कारण तेव्हा बी-पेशीही कामाला लागतात. त्याहून चकित करणारं म्हणजे पुटिकेवर स्वतःचं एमएचसी नसलं किंवा परकं असलं तरी चाललं. ज्याच्या अंगात ती गेली त्याच्याच पेशी त्यातलं प्रथिन उचलतात आणि आपापल्या एमएचसीवर मांडतात. हे माणसांत खरं ठरलं तर प्रत्येक रुग्णाचं रक्त काढून, आठवडाभर पेशी वाढवून, त्याच्यापुरती लस करायची गरज उरणार नाही. दात्याच्या पेशींपासून एकदाच मोठा साठा करता येईल.

अनुराधा_त
मला यातलं शास्त्र अर्धंच कळलं, पण एका श्वासात वाचून काढलं. माझ्या वडिलांना चौथ्या अवस्थेचा कर्करोग आहे. एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की एक्सोसोमचे ड्रिप घेतले तर प्रतिकारशक्ती वाढून ट्यूमर आटेल. सहा ड्रिपचं पॅकेज, पैसे आधी. कागद मागितला तर माहितीपत्रक हातात ठेवलं. त्यात तुम्ही लिहिलेल्या त्याच उंदरांच्या प्रयोगाचा उल्लेख आहे. हे तेच का?

सूक्ष्मदर्शी
अनुराधाताई, आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, हे ते नाही. कृपया पैसे भरू नका.

त्या प्रयोगात डेंड्रिटिक पेशींच्या पुटिका होत्या, त्यांवर त्या ट्यूमरच्या खुणा चढवलेल्या होत्या. बाजारात 'एक्सोसोम' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा नाळेच्या, गर्भजलाच्या किंवा स्टेम सेलच्या पुटिका असतात. त्यांना तुमच्या वडिलांच्या ट्यूमरची ओळखच नाही, मग त्या कुणाला काय शिकवणार? उलट अशा पेशींच्या पुटिका दाह शमवण्यासाठी, प्रतिकार यंत्रणेला शांत करण्यासाठी अभ्यासल्या जातात. कर्करोगाच्या रुग्णाला ते नको असतं.

अमेरिकेच्या एफडीएने एकाही एक्सोसोम उत्पादनाला मंजुरी दिलेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी जाहीर इशारा दिला होता, कारण नेब्रास्का राज्यात अशी उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत, संमतिपत्र सही करण्याआधी वाचायला देतात आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक मागा. माझ्या कामाचं नाव घेऊन कुणी तुम्हाला असं काही विकतं, याचा मला मनापासून त्रास होतो.

डॉ_निशिगंध
सहमत. अनुराधाताई, वडिलांच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे माहितीपत्रक जरूर दाखवा. त्यांना वाईट वाटेल म्हणून लपवू नका. ड्रिपमुळे ताप आला किंवा संसर्ग झाला तर चालू उपचार थांबवावे लागतात, आणि ते नुकसान पैशांपेक्षा मोठं असतं.

हेरंब
माझा पुढचा प्रश्न. ट्यूमरची ओळख करून द्यायची आहे, तर थेट ट्यूमरच्याच पुटिका का नाही टोचायच्या? त्यात सगळ्या खुणा आयत्याच असणार.

सूक्ष्मदर्शी
हेरंब, हा या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा लांबवर लिहिते.

ट्यूमर पुटिका भरपूर सोडतो आणि त्यांत त्याची ओळख खरोखरच ठासून भरलेली असते. २००१ मध्ये दाखवलं गेलं की ट्यूमरच्या पुटिका डेंड्रिटिक पेशींना खायला घातल्या तर त्या मारक टी-पेशींना व्यवस्थित शिकवतात. २००८ मध्ये चीनमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ४० रुग्णांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. रुग्णांच्याच पोटातल्या जलोदराच्या पाण्यातून पुटिका काढल्या. काहींना नुसत्या दिल्या, काहींना जीएम-सीएसएफ या प्रतिकार चेतवणाऱ्या प्रथिनाची जोड देऊन. ट्यूमरविरुद्धच्या टी-पेशी उठल्या त्या जोड दिलेल्या गटात.

पुटिका तीच, आजार तोच. सोबत इशारा होता की नव्हता, एवढाच फरक. मला या धाग्यात जे सांगायचंय ते याच जागी आहे. पुरचुंडीत काय आहे याइतकंच ती कुणी आणि कोणत्या अवस्थेत बांधली याला महत्त्व आहे. ट्यूमर स्वतःच्या भल्यासाठी पुटिका सोडतो. २०१८ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वेई गुओ यांच्या गटाने दाखवलं की मेलानोमाच्या पुटिकांवर पीडी-एल१ असतं. हे तेच प्रथिन, जे टी-पेशीच्या पीडी-१ ला धरून तिला गप्प करतं. म्हणजे ट्यूमर जागचा न हलता दूरवरच्या टी-पेशींना निष्प्रभ करू शकतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने उंदरांत ट्यूमर पेशींच्या पुटिकांतून पीडी-एल१ काढून टाकलं. तेव्हा प्रतिकार यंत्रणेने ट्यूमर रोखला, आणि नंतर मूळचा, न बदललेला ट्यूमर टोचला तरी तो रोखला. ती आठवण टिकली होती. याखेरीज टीजीएफ-बीटा, फास लिगँड अशी दडपणारी आणखी सामग्री असते. काही पुटिका तर दूरच्या अवयवात आधीच पोचून पसरणाऱ्या कर्करोगासाठी जागा तयार करून ठेवतात.

ट्यूमरच्या पुटिकेत गुन्हेगाराचा फोटो आणि पोलिसांना झोपवणारं औषध एकत्र बांधलेलं असतं. फोटो ठेवून औषध कसं काढायचं, यावर या क्षेत्रातली बरीच डोकी लागली आहेत.

एक वाट म्हणजे पाठवणाऱ्या पेशीचीच अवस्था बदलायची. ट्यूमर पेशींवर किरणोत्सर्गाचा मारा केला की त्यांच्या पुटिकांत डीएनएचे तुकडे जातात. डेंड्रिटिक पेशीने अशी पुटिका उचलली की तिच्या आतली धोक्याची घंटा वाजते आणि ती इंटरफेरॉन बनवू लागते. २०१८ मधल्या उंदरांच्या एका अभ्यासात किरण दिलेल्या स्तनकर्करोग पेशींच्या पुटिका लसीसारख्या टोचल्या, तर मारक टी-पेशी उठल्या. किरण न दिलेल्या त्याच पेशींच्या पुटिकांनी तसं केलं नाही. पेशी एकच, पण घायाळ झाल्यावर तिचा निरोप बदलतो.

कैवल्य_२
मी जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जिवाणूंच्या पुटिका यात कुठे बसतात? आमच्या सेमिनारमध्ये मेनिंजायटिसच्या लसीत त्या असतात असं आलं होतं.

सूक्ष्मदर्शी
बरोबर आलं होतं. मेनिंगोकॉकस बी विरुद्धच्या बेक्सेरो या लसीत जिवाणूच्या बाह्यपटलाच्या पुटिका असतात. युरोपात ती २०१३ मध्ये मंजूर झाली. त्याआधी क्यूबा आणि न्यूझीलंडने अशा लसी वापरल्या होत्या. म्हणजे पुटिका कारखान्यात बनवता येतात, मोजता येतात आणि लाखोंना टोचता येतात, हे सिद्ध झालेलं आहे. कर्करोगात त्यांचं आकर्षण असं की त्या जन्मतःच धोक्याची घंटा वाजवतात. २०१७ मध्ये उंदरांत नुसत्या जिवाणू पुटिका शिरेतून दिल्यावर ट्यूमर आटले आणि ते काम इंटरफेरॉन-गॅमाच्या जोरावर झालं. अडचण एंडोटॉक्सिनची, म्हणजे जिवाणूच्या पटलातल्या विषारी घटकाची. घंटा फार जोरात वाजली तर रुग्णच संकटात येईल. म्हणून जनुकं बदलून सौम्य केलेले जिवाणू घेतात आणि त्यांच्या पुटिकांवर ट्यूमरची प्रतिजनं लावतात.

कैवल्य_२
धन्यवाद ताई. आणि मात्रा कशात मोजतात? मी तीन पेपर वाचले. एकात मायक्रोग्रॅम प्रथिन, एकात कणांची संख्या, एकात 'किती पेशींपासून मिळाल्या' असं.

सूक्ष्मदर्शी
तू दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंस. प्रथिन मोजलं तर पुटिकांबरोबर आलेलं मोकळं प्रथिनही मोजलं जातं. कण मोजले तर लायपोप्रोटीनचे (मेद वाहून नेणारे) कणही यंत्राला पुटिकाच वाटतात, कारण आकार जवळपास तोच; रक्तातून काढलेल्या नमुन्यात तर ते पुटिकांहून कितीतरी जास्त असतात. त्यामुळे कण आणि प्रथिन यांचं गुणोत्तर पाहतात, सीडी९, सीडी६३, सीडी८१ या खुणा तपासतात, आणि जे तिथे असायला नको तेही तपासतात. बाह्यपेशीय पुटिकांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक निकष काढले. पेपर वाचताना पद्धतीचा भाग आधी वाच. पुटिका कशा वेगळ्या केल्या आणि शुद्धता कशी दाखवली हे दोन परिच्छेदांत नसेल, तर पुढचे आलेख कितीही देखणे असोत, मी तो पेपर बाजूला ठेवते.

लसीसाठी मात्र या तिन्हींपेक्षा महत्त्वाचं चौथं मोजमाप आहे: ती काम करते का? ठरावीक टी-पेशींसमोर ठरावीक मात्रा ठेवली तर त्या किती जाग्या होतात. प्रत्येक बॅचला हेच उत्तर आलं पाहिजे. पेशी थोड्या दाट वाढल्या, एक दिवस जास्त ठेवल्या, तरी त्यांच्या पुटिका बदलतात. मोठ्या चाचण्या रेंगाळतात त्याचं हे एक मोठं कारण आहे. मोठ्या प्रमाणावर काढताना अल्ट्रासेंट्रिफ्यूज पुरत नाही. तिथे द्रव गाळणीच्या पृष्ठभागाला समांतर वाहवत गाळायची पद्धत वापरतात.

डॉ_निशिगंध
रुग्णाच्या बाजूने एक भर घालतो. ही लस एकटीने पुढे गेलेला ट्यूमर पाडेल अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. पीडी-१ रोखणारी औषधं टी-पेशींवरचा ब्रेक काढतात, पण मुळात त्या ट्यूमरला ओळखणाऱ्या टी-पेशीच नसतील तर ब्रेक काढून गाडी कुठे जाणार? तिथे लसीला जागा आहे. वर आलेल्या २००५ च्या चाचण्या झाल्या तेव्हा ही औषधं बाजारात आलेलीच नव्हती. शस्त्रक्रिया झाली आहे, आजार डोळ्यांना दिसत नाही पण परतण्याचा धोका आहे, अशा रुग्णांत दोन्ही एकत्र देऊन, तुलनेचा गट ठेवून चाचणी व्हावी, असं मला वाटतं. मेलानोमात एमआरएनए लसीने १५७ रुग्णांच्या चाचणीत हीच वाट धरली आणि तिथे आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. पुटिकांनाही त्याच कसोटीवर उतरावं लागेल.

सूक्ष्मदर्शी
पूर्ण सहमत, डॉक्टर.

अनुराधा_त
सगळ्यांचे आभार. त्या ठिकाणी नोंदणी क्रमांक मागितला. आधी 'पाठवतो' म्हणाले, मग फोन उचलणं बंद झालं. माहितीपत्रक बाबांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते रागावले नाहीत. उलट बाबांशी अर्धा तास बोलले. इतका वेळ ते पहिल्यांदाच बसले असतील. चालू उपचारच सुरू ठेवायचं ठरलं.

काल बाबांना हा धागा वाचून दाखवला. नळीवरच्या ठिपक्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "ठिपका चुकीच्या जागी काढला तर?"

सूक्ष्मदर्शी
बाबांना सांगा, तर त्या दिवसाच्या पुटिका गेल्या. माझ्या सुरुवातीच्या महिन्यांत असं झालंय. तीन दिवस वाढवलेल्या पेशी आणि हातात नुसतं बफर. रोटरमध्ये नळी तिरकी बसते, साका बाहेरच्या भिंतीवर तळाशी जमतो, म्हणून ठिपका त्याच बाजूला हवा आणि काढताना नळी हातात फिरता कामा नये. आता आम्ही दोघी मिळून करतो. एक जण ठिपका काढते, दुसरी नळी रोटरमध्ये ठेवण्याआधी तो बाहेरच्या बाजूला आहे ना हे मोठ्याने म्हणून बघते. बाबांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांचे आणखी प्रश्न असले तर इथे लिहा.